बीचवरची हिरवी लक्ष्मणरेषा

केळशीच्या वाळूत पायाखाली येणारी मर्यादवेल आपल्या फोटोंमध्ये कधीच नसते. पण कोकणात घर घेणाऱ्या, बांधणाऱ्या आणि नुसतंच त्याचं स्वप्न बघणाऱ्या प्रत्येकाने तिच्याशी ओळख करून घ्यायला हवी.

वीकएण्डला कोकणात जाणाऱ्यांचे दोन प्रकार असतात. गाडी थांबल्या थांबल्या चपला काढून पाण्याकडे धावणारे, आणि आधी मोबाइलला रेंज येतेय का ते बघणारे. दोघांमध्ये एक गोष्ट मात्र कॉमन. सुरूची झाडं संपल्यापासून पाणी लागेपर्यंत मधली जी वाळू असते, तिच्याकडे दोघंही ढुंकून बघत नाहीत. ती फक्त पार करायची असते. जमल्यास पाय न भाजता.

खरं तर सगळी गंमत याच पट्ट्यात आहे. वाळूचे छोटे-छोटे उंचवटे, त्यांच्या अंगावरून पसरलेल्या जाड तांबूस दोऱ्या, त्या दोऱ्यांना फुटलेली दुभंगलेली पानं आणि सकाळी लवकर गेलात तर कर्ण्याच्या आकाराची गुलाबी-जांभळी फुलं. हीच मर्यादवेल. काही जण तिला समुद्रवेलही म्हणतात. शास्त्रीय नाव आयपोमिया पेस-काप्री. यातल्या ‘पेस-काप्री’चा अर्थ बकरीचा पाय. पान हातात घेऊन बघा, बकरीच्या खुराचा ठसा उमटल्यासारखं दिसतं. कार्ल लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ मध्ये हे नाव ठेवलं आणि त्यात काडीचीही अतिशयोक्ती केली नाही.

पण नाव ठेवण्याच्या कॉम्पिटिशनमध्ये आपण लिनियसच्या पुढे आहोत. त्याला पानाचा आकार दिसला. आपल्याकडच्या लोकांना तिचं काम दिसलं.

वेल जिथवर, तिथवर समुद्र

केळशीला बीच आहे, महालक्ष्मीचं देखणं देऊळ आहे, याकूबबाबांचा दर्गा आहे, आणि नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जाणाऱ्या, दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे असलेल्या पाखाड्या आहेत. दापोलीला येणारी बहुतेक मंडळी मुरूड, कर्दे, हर्णै करून परत फिरतात. त्यामुळे उत्तरेच्या टोकाला असलेलं हे गाव अजून तरी बऱ्यापैकी शांत आहे.

केळशीची खरी सेलिब्रिटी मात्र वेगळीच आहे. भारजा नदीच्या खाडीच्या बाजूला वाळूची एक जुनी, भलीमोठी टेकडी आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधले पुरातत्त्वज्ञ अशोक मराठे यांनी या टेकडीचा अनेक वर्षं अभ्यास केला. वाळूच्या थरांमध्ये सापडलेल्या खापरांच्या आणि नाण्यांच्या आधारे त्यांनी मध्ययुगात या किनाऱ्यावर त्सुनामी येऊन गेल्याची मांडणी केली. आपण जिला नुसती वाळू म्हणतो, ती गावाचं दप्तर सांभाळत बसलेली असते, हे केळशीत गेल्यावर कळतं.

या टेकडीच्या तुलनेत किनाऱ्यावरचे मर्यादवेलीचे उंचवटे म्हणजे अगदीच लिंबूटिंबू. कुठे गुडघ्याएवढे, कुठे कमरेएवढे. पण सुरुवात अशीच होते.

ज्या घरी मी उतरले होते, तिथल्या आजींना विचारलं, “आजी, ही वेल कुणी लावलीय का हो इथे?”

“कोण लावणार? तीच येते,” आजी म्हणाल्या. “मर्यादवेल ती. ती जिथवर आहे तिथवर समुद्राचं. अलीकडे आपलं.”

बॉटनीचं पुस्तक एका वाक्यात संपलं! ज्या भूमीची गोष्टच परशुरामाने समुद्राला मागे हटवण्यापासून सुरू होते, तिथल्या माणसांना समुद्राची हद्द कुठे आहे हे माहीत असणं भागच होतं. सर्व्हे नंबर आणि सातबारा यायच्या कितीतरी आधी ही हद्द एका वेलीने आखून ठेवली होती.

वाळूचं बँक अकाउंट

आता थोडं सायन्स. घाबरू नका, पटकन संपेल.

वारा साधारण ताशी १५ ते २० किलोमीटरच्या वर गेला की सुकी वाळू हलायला लागते. कण उडतात, आपटतात, पुन्हा उडतात. वाटेत काही आडवं आलं की वाऱ्याचा वेग पडतो आणि कण तिथेच बसतात. हे ‘काही’ म्हणजे एखादा ओंडका असेल तर तो हळूहळू वाळूत गाडला जातो आणि खेळ संपतो. पण ते ‘काही’ जिवंत असेल तर? मर्यादवेलीवर वाळू पडली की ती वाळूतून पुन्हा डोकं वर काढते आणि पेऱ्यापेऱ्याला नवी मुळं सोडते. पुन्हा वाळू साठते, वेल पुन्हा वर येते. असा हा जिना वर्षानुवर्षं चढत राहिला की त्याचा उंचवटा होतो. त्यालाच आपण वाळूचा बांध म्हणू, इंग्रजीत सॅण्ड ड्यून.

हा बांध म्हणजे किनाऱ्याची फिक्स्ड डिपॉझिट असते. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाटा किनाऱ्यावरची वाळू ओढून आत नेतात. ती वाळू किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पाण्याखाली साठते आणि मोठ्या लाटा तिथेच फुटायला लागतात, म्हणजे किनाऱ्यावर पोचेपर्यंत त्यांचा जोर कमी झालेला असतो. पावसाळा सरला की शांत लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून टाकतात. मग वारा आणि वेल मिळून तिचा पुन्हा बांध करतात. पैसे काढायचे, पैसे भरायचे. बांधच सपाट केला, तर मोठ्या वादळात काढायला खात्यात काही उरत नाही. समुद्र मग पुढच्या खात्याला हात घालतो, म्हणजे तुमच्या कम्पाउण्ड वॉलला.

बांधाचा आणखी एक फायदा सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि गोडं पाणी हलकं असल्यामुळे खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. याचा हिशोब भूजलशास्त्रात ठरलेला आहे. समुद्रसपाटीच्या वर १ मीटर गोडं पाणी असेल, तर खाली साधारण ४० मीटरपर्यंत गोड्या पाण्याचा साठा असू शकतो. हे ऐकायला झकास वाटतं. पण हाच हिशोब उलटा मांडून बघा. बोअर लावून वरची पातळी १ मीटर खाली आणली, तर खारं पाणी खालून ४० मीटर वर चढू पाहतं. किनाऱ्यावरच्या गावात विहिरीचं पाणी ‘मचूळ लागायला लागलं’ असं कुणी म्हणालं, तर त्यामागे बऱ्याचदा हा हिशोब असतो.

एक मर्यादा, एक बेशरम

आयपोमिया हे घराणं मोठं आहे आणि त्यातल्या दोघी-तिघी तुमच्या ओळखीच्या आहेत. उपासाला उकडतो ते रताळं याच घराण्यातलं. नदीकाठी, डबक्यांच्या कडेला, हायवेच्या बाजूला फिकट जांभळ्या फुलांचं जे झुडूप उदंड माजतं, ती बेशरमही याच घराण्यातली. दक्षिण अमेरिकेतून आली आणि इथे असा जम बसवला की लोकांनी नावच तसं ठेवलं. एकाच घरात एक मर्यादा आणि एक बेशरम! मराठी माणसाची बॉटनी अशी रंगतदार असते.

मर्यादवेल मात्र इथलीच. आणि गंमत म्हणजे ती इथली असूनही जगभरची आहे. तिच्या प्रत्येक बोंडात चार बिया असतात, वाटाण्याएवढ्या, अंगावर तपकिरी मखमल असलेल्या. या बिया पाण्यात बुडत नाहीत. महिनोन्महिने समुद्रावर तरंगत राहतात, खाऱ्या पाण्याने खराब होत नाहीत आणि एखाद्या किनाऱ्याला लागल्या की रुजतात. त्यामुळे ना पासपोर्ट, ना व्हिसा, ही बाई ब्राझीलपासून आफ्रिकेपर्यंत आणि मॉरिशसपासून ऑस्ट्रेलियापर्यंत सगळीकडे पोचलेली आहे. अमेरिकेत फ्लोरिडाच्या बीचवर गेलात, तर तिथे तिला ‘रेलरोड व्हाइन’ म्हणतात. सरळ रेषेत रुळासारखी धावते म्हणून. परदेशात स्थायिक झालेल्या भावाबहिणींना फोटो पाठवून बघा. ‘ही तर आमच्याकडे पण आहे’ असा रिप्लाय येण्याची शक्यता भरपूर आहे.

लिखित नोंदींमध्येही ती जुनी आहे. तमिळ संगम साहित्यात समुद्रकिनाऱ्यावरच्या कवितांमध्ये ती ‘अडुंबु’ या नावाने येते. सतराव्या शतकात मलबारमध्ये डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने ‘हॉर्टस मलबारिकस’ हा १२ खंडांचा वनस्पतिग्रंथ करवून घेतला. १६७८ ते १६९३ या काळात तो अॅम्स्टरडॅममध्ये छापला गेला. त्यातही या वेलीची दखल आहे. या ग्रंथासाठी माहिती पुरवणाऱ्यांमध्ये इट्टी अच्युतन या वैद्यांबरोबर रंगा भट, विनायक पंडित आणि आपू भट हे तीन कोकणी विद्वान होते. आपल्या किनाऱ्यावरची माणसं आणि झाडं एकाच ग्रंथात भेटतात ती अशी.

लॉनचा हट्ट कशासाठी?

आता मुद्द्याचं. आपल्यापैकी अनेकांनी कोकणात जागा घेतलीय, घ्यायचा विचार केलाय किंवा निदान प्रॉपर्टी एक्झिबिशनमध्ये ब्रोशर तरी चाळलंय. ब्रोशरवरचं चित्र ठरलेलं असतं. पांढरा बंगला, निळा समुद्र आणि मध्ये हिरवंगार लॉन. हे लॉनच सगळ्या भानगडीचं मूळ आहे.

वाळूवर लॉन उगवत नाही. त्यासाठी आधी जमीन सपाट करावी लागते, म्हणजे बांध गेला. मग त्यावर लाल मातीचे डम्पर ओततात. मग गवताच्या चटया अंथरतात. मग रोज पाणी, तेही गोडं. म्हणजे बोअर. सी-व्ह्यूच्या आड येतं म्हणून समोरची झुडपं काढतात. आणि बॉर्डरला हमखास लावतात ती पिवळ्या फुलांची वेडेलिया. नर्सरीत स्वस्त मिळते, भराभर पसरते. अमेरिकेच्या उष्ण भागातून आलेली ही वेल जगात अनेक ठिकाणी आक्रमक म्हणून बदनाम आहे, कारण ती एकदा घुसली की दुसऱ्याला जागा देत नाही.

दापोलीपासून श्रीवर्धनपर्यंत फिरताना असं एक तरी रिसॉर्ट दिसतंच. मला दिसलेल्या एका रिसॉर्टचं लॉन भर मे महिन्यात दुपारी स्प्रिंकलरखाली भिजत होतं आणि मागच्या वाडीतल्या बायका कळशा घेऊन टँकरची वाट बघत होत्या. समोरच्या वाळूत मर्यादवेल कुणी पाणी घातल्याशिवाय हिरवीगार होती. हा विरोधाभास दाखवायला वेगळा कॅमेरा अँगल लागत नाही.

कायदा नाही असं नाही. १९ फेब्रुवारी १९९१ ला निघालेल्या कोस्टल रेग्युलेशन झोनच्या, म्हणजे सीआरझेडच्या, पहिल्या अधिसूचनेतच सौंदर्यीकरणासाठी किंवा करमणुकीसाठी वाळूच्या बांधांमध्ये फेरफार करायला मनाई केलेली आहे. २०११ आणि २०१९ च्या अधिसूचनांमध्ये वाळूचे बांध सगळ्यात संवेदनशील अशा पहिल्या वर्गात टाकलेत. पण कायद्याला बांध नकाशावर दिसावा लागतो आणि जेसीबीला तो सपाट करायला एक दुपार पुरते.

‘आम्ही झाडं लावतोय ना, सुरू लावलेत’ असंही कुणी म्हणेल. सुरू आपल्याला कोकणचाच वाटतो, पण तो मूळचा आग्नेय आशिया-ऑस्ट्रेलियाकडचा. भारतात त्याची लागवड सुरू झाली १८६८ मध्ये कारवारला, रेल्वे इंजिनांसाठी सरपण म्हणून. वारा अडवायला तो चांगला आहे, सावलीही देतो. पण त्याच्या काड्यांचा थर जमिनीवर साचला की खाली फारसं काही उगवत नाही, आणि वाळू धरून ठेवायचं काम मुळात जमिनीलगतच करावं लागतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीच्या किनाऱ्यावर नारळी-पोफळीबरोबर सुरूची झाडंही धडाधड कोसळली. उंच झाडाला वादळात पडायची भीती असते. वेल आधीच आडवी असते, ती काय पडणार?

खाडीपलीकडच्या वेळासचाही इथे संबंध आहे. २००२ मध्ये चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने तिथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचं संरक्षण सुरू केलं आणि पुढे वेळासचा कासव महोत्सव सगळीकडे गाजला. घरट्यातून बाहेर पडलेली पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात. रात्री समुद्राचं क्षितिज उजळ असतं आणि मागचा बांध, झाडी काळोखी असते, म्हणून त्यांना वाट सापडते. बांध सपाट करून तिथे गार्डन लाइट्स लावले की पिल्लं उलट्या दिशेने चालायला लागतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये वेळासला जाऊन पिल्लांचे व्हिडिओ काढणारे आपण आणि ‘लाइटिंग मस्त केलंय’ म्हणून रिसॉर्टला फाइव्ह स्टार देणारेही आपणच.

वाडीत लावायची कशी?

किनाऱ्यालगत तुमचं घर, आजोळ किंवा प्लॉट असेल तर मर्यादवेल ही सगळ्यात स्वस्त गार्डनिंग स्कीम आहे. सूत्र एकच, लाड करायचे नाहीत.

जागा: कुंपणाची समुद्राकडची बाजू, दिवसभर ऊन असलेली. सावलीत ती वाढते, पण फुलत नाही. लाल माती आणायची नाही. आहे ती वाळूच बरी.

वेळ: जूनमधल्या पहिल्या-दुसऱ्या चांगल्या पावसानंतर. तेव्हा लावलं की चार महिने निसर्गच पाणी घालतो.

फांद्या: हात-सव्वा हात लांबीचे, तीन-चार पेरी असलेले तुकडे घ्या. तोडल्यावर पांढरा चीक येतो, तो सुकू द्या. दोन पेरी वाळूत जातील असे आडवे पुरा आणि शेंडा बाहेर ठेवा. दोन तुकड्यांमध्ये एक मीटर अंतर पुरे, कारण ही वेल पुढे कित्येक मीटर धावते. तुकडे घ्यायचे ते पायवाटेवर किंवा गडग्यावर चढलेल्या वेलीचे. समुद्राच्या बाजूच्या बांधावरची वेल उपटायची नाही. ती ड्यूटीवर आहे.

आधार: नारळाच्या झावळ्या उभ्या खोचून गुडघाभर उंचीची आडोशाची रांग केली तर उडती वाळू तिथे साठते आणि वेलीला कामाला लागायला निमित्त मिळतं. पहिली दोन वर्षं त्या पट्ट्यातून चालायचं नाही, गाडी तर अजिबात न्यायची नाही. ये-जा करायला एकच वाट ठेवा आणि ती जरा तिरकी काढा, म्हणजे वारा सरळ आत घुसत नाही.

शेजारी: वेलीच्या मागे केवडा, त्याच्या मागे उंडी. दोन्ही इथलीच, दोन्हीला खारा वारा चालतो. उंडीच्या बियांच्या तेलावर कोकणात पूर्वी दिवे जळायचे, हे तुमच्या पाहुण्यांना सांगायला बरं पडतं.

एवढं केलं की लॉनचा खर्च, माळी, मोटरचं बिल, सगळं वाचतं. बदल्यात एकच तडजोड. गवतावर अनवाणी चालायचं असेल तर ते पुण्याला सोसायटीच्या बागेत चाला.

आणि फ्लॅटवाल्यांनी?

मुंबई-पुण्याच्या टेरेसवर मर्यादवेल येते, आणि चांगली येते. तिच्यामुळे बांध वाचणार नाहीत, हे आधीच सांगून टाकते. पण वर्षभर रोज जे झाड डोळ्यांसमोर असतं, ते आपण बीचवर तुडवत नाही, एवढा फायदा नक्की आहे.

बिया डिसेंबर-जानेवारीत सुकलेल्या बोंडांमध्ये मिळतात. चार-पाच पुरेत, पिशवी भरायची नाही. कवच दगडासारखं टणक असतं. हार्डवेअरच्या दुकानातला पॉलिश पेपर घेऊन एका बाजूने आतला फिकट रंग दिसेपर्यंत घासायचं. रात्रभर पाण्यात ठेवायचं. सकाळी ज्या टम्म फुगल्या असतील त्या बोटाच्या अर्ध्या पेराएवढ्या खोल लावायच्या. उबदार हवेत आठवड्या-दोन आठवड्यांत कोंब येतो, आणि तिची पहिली जोडपानंही दुभंगलेलीच असतात.

कुंडी उथळ नको. मूळ खोल जातं, त्यामुळे दीड फूट खोल कुंडी किंवा ग्रो बॅग घ्या. तीन भाग जाड चाळलेली, धुतलेली खडी-वाळू, एक भाग माती, तळाला विटांचे तुकडे. बीचवरची वाळू गाडीत भरून आणायची नाही. ती खारट असते आणि ती आपली नसते. पाणी आठवड्यातून एक-दोनदा, वरची वाळू पूर्ण सुकल्यावरच. माझ्या एका मित्राने तिला मनी प्लॅण्टसारखं रोज पाणी पाजलं, पंधरा दिवसांत मुळं कुजली. खत जवळजवळ नकोच. जास्त खत घातलं की नुसती पानं येतात आणि फुलं रुसतात. वेल कठड्यावरून खाली सोडा किंवा टेरेसवर मोकळी पसरू द्या. जाळीवर चढवायचा प्रयत्न करू नका, तिला वर चढण्यात इंटरेस्ट नसतो.

दोन सूचना मात्र सिरियसली घ्या. एक, रताळ्याची बहीण असली तरी ती खायची नाही. या घराण्यातल्या बऱ्याच बिया पोटाला बाधतात, त्यामुळे लहान मुलं असतील तर बोंडं वेळच्या वेळी काढून टाका. थायलंडसारख्या देशांत जेलीफिशचा दंश झाल्यावर हिची पानं लावायची पद्धत आहे, पण आपण डॉक्टरकडेच जावं. दोन, पुण्या-नाशकात ती कुंडीतच ठेवा, टेकडीवर किंवा नदीकाठी नेऊन लावू नका. ती समुद्राची आहे. तिची जागा तिला माहीत आहे, आपण बदलायची गरज नाही.

आणि फुलांचं म्हणाल, तर पाऊस ओसरला की बहर वाढतो. फूल पहाटे उमलतं आणि दुपार व्हायच्या आत मिटायला लागतं. म्हणजे नाइट शिफ्टवरून येणाऱ्यांना रोज दर्शन, आणि नऊ ते नऊ नोकरीवाल्यांना शनिवार-रविवारी. ऑफिसमधून येईपर्यंत ती तुमच्यासाठी थांबत नाही. दुसऱ्या दिवशी दुसरं फूल असतं.

हद्द कुणाची?

कोकणात जागा बघायला जाल, तेव्हा एजण्ट तुम्हाला हमखास विचारेल, “फर्स्ट लाइन हवं की सेकण्ड लाइन?” समुद्राला अगदी लागून असलेल्या प्लॉटला फर्स्ट लाइन म्हणतात आणि त्याचा भाव सगळ्यात जास्त असतो. अशा वेळी प्लॉटवर उभं राहून खाली बघा. पायाशी बकरीच्या खुरासारखी पानं असतील, तर फर्स्ट लाइन आधीच बुक झालेली आहे. तुम्ही सेकण्ड लाइन घ्या. व्ह्यू थोडा कमी मिळेल, पण विहिरीचं पाणी गोडं राहील आणि घर पुढच्या पिढीच्या नावावर करता येईल.

केळशीला जाताना

कसं जाल: मुंबईहून मुंबई-गोवा हायवेने माणगावपर्यंत आणि पुढे मंडणगडमार्गे. पुण्याहून ताम्हिणी घाटातून माणगाव, मग तसंच. दापोलीहून केळशी तीसेक किलोमीटर. रेल्वेने खेडला उतरून दापोलीमार्गे एसटीने जाता येतं.

केव्हा जाल: ऑक्टोबर ते मार्च. फुलांसाठी पावसाळा संपता संपता, कासवांसाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये वेळास. मर्यादवेलीची फुलं बघायची असतील तर सकाळी नऊच्या आत बीचवर पोचा.

कुठे राहाल: गावात घरगुती सोय होते. आधी फोन करून जेवणाचं सांगून ठेवा. मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगा.

काय बघाल: महालक्ष्मीचं देऊळ, याकूबबाबांचा दर्गा, खाडीकडची वाळूची टेकडी (लांबूनच, चढून घसरगुंडी करू नका), जवळच आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती.

काय टाळाल: बीचवर गाडी घालणं. चाकाखाली वेल येते, कासवाचं घरटंही येऊ शकतं. आणि भरतीला गाडी रुतली की ओढून काढायला गावकरीच लागतात. ते येतात, पण आधी पोटभर हसून घेतात.